आयटीआय, कॉलेज आणि एमआयडीसी : मराठवाड्यात मिळून प्रशिक्षण चालवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आयटीआयचे प्राचार्य आणि निदेशक (तिथले शिकवणारे), पदवी कॉलेजांतले प्लेसमेंट बघणारे प्राध्यापक आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेडकडचे छोटे-मध्यम कारखानदार यांच्यासाठी आहे. प्रश्न प्रत्यक्षात ज्या क्रमाने येतात, साधारण त्याच क्रमाने इथे घेतले आहेत.

सुरुवात कुणी करायची, कॉलेजनं की कंपनीनं?

कॉलेजनं. कारखान्याला माणूस उद्याच्या पहिल्या शिफ्टला हवा असतो, सहा महिन्यांनी तयार होणाऱ्या मुलासाठी तो आपणहून दारात येत नाही.

जाताना बायोडेटांचा गठ्ठा नेऊ नका, वही न्या. तीनच गोष्टी विचारायच्या. गेल्या सहा महिन्यांत कोणत्या मशीनला माणूस मिळाला नाही? नवा माणूस एकट्यानं ते मशीन सांभाळू लागायला किती दिवस जातात? आणि त्या दिवसांत तो नेमकं काय चुकवतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा अभ्यासक्रम. ते एचआरकडून मिळत नाही, शॉपमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष मशीन चालतात तिथल्या, सुपरवायझरकडून मिळतं. म्हणून भेट मागतानाच ‘अर्धा तास शॉपमध्ये उभं राहू द्या’ एवढं मागून घ्या. महिनाअखेर आणि मार्च टाळा, तेव्हा डिस्पॅचच्या घाईत कुणी तोंड वर करून बोलत नाही.

एकेका कंपनीचं दार ठोठावत बसण्यापेक्षा संघटनेमार्फत गेलेलं बरं. छत्रपती संभाजीनगरात मोठ्या उद्योगांचा वावर असलेली सीएमआयए आहे, लघुउद्योजकांची मसिआ आहे. पंधरा-वीस माणसांच्या युनिटांपर्यंत पोचायचं असेल तर मसिआ जास्त कामाची.

सामंजस्य करार झाला, फोटो छापून आला. आता पुढे?

पुढे बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही, आणि कारण ठरलेलं असतं. करारात ‘प्रशिक्षण, तज्ज्ञ व्याख्यानं, औद्योगिक भेटी, प्लेसमेंट’ असं सगळं लिहिलेलं असतं, पण कुणी, कधी, किती मुलांना, कोणत्या मशीनवर हे कुठेच नसतं. वर करारावर सही करणारा प्लान्ट हेड वर्षभरात बदलून जातो. नवीन साहेबाला फाईलसुद्धा माहीत नसते.

करार शेवटी करा. त्याआधी एका पानाचं जोडपत्र तयार करा आणि ते दोन्हीकडच्या काम करणाऱ्या माणसांनी लिहावं. त्यात असावं : कोणत्या ट्रेडची (फिटर, वेल्डरसारख्या शाखेची) किती मुलं (पहिल्या वर्षी सहापेक्षा जास्त नकोत), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विभागात किती दिवस, शिफ्ट कोणती, कारखान्याकडून जबाबदार माणूस कोण आणि तो सुट्टीवर असला तर कोण, संस्थेकडून आठवड्याला भेट देणारा निदेशक कोण, बूट-गॉगल कोण देणार, जेवण आणि बस कुणाची, अपघात झाला तर पहिला फोन कुणाला. हे पान भरताना जिथे पेन अडतं तिथेच पुढे भांडण होणार असतं. ते आत्ताच मिटवा.

कायद्यानं आणि योजनांनी कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत? सगळी नावं सारखीच वाटतात.

नावांचा घोळ खरा आहे, पण मुलगा आत्ता शिकतो आहे की शिकून बाहेर पडला आहे हे आधी ठरवलं की अर्धा घोळ संपतो.

शिकत असलेल्या मुलासाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आयटीआयच्या अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी. 2022 पासूनच्या अभ्यासक्रमात दरवर्षी 1200 तासांच्या शिकवणीशिवाय 150 तास जवळच्या उद्योगात घालवायचे आहेत. उद्योग नसेल तर गट-प्रकल्प. आठ तासांचा दिवस धरला तर 150 तास म्हणजे 19 दिवस. अनेक ठिकाणी ‘उद्योग नाही’ म्हणून प्रकल्पावर भागवतात, आणि त्याच तालुक्यात साखर कारखाना, जिनिंग किंवा दालमिल चालू असते.

त्याहून खोल जायचं असेल तर दुहेरी प्रशिक्षण पद्धत, आयटीआयच्या भाषेत डीएसटी. यात संस्था आणि उद्योग यांच्यात रीतसर करार होतो. एक वर्षाच्या ट्रेडला 3 ते 6 महिने आणि दोन वर्षांच्या ट्रेडला 6 ते 12 महिने मुलगा कारखान्यात शिकतो. वेल्डरसारख्या ट्रेडला हे फार चांगलं बसतं. वर्षभर संस्थेत साध्या आर्क वेल्डिंगच्या 6013 रॉडवर हात बसतो आणि फॅब्रिकेशनवाल्याला माणूस हवा असतो को-टू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून होणाऱ्या) मिग वेल्डिंगचा. ही दरी संस्थेच्या बजेटमध्ये भरून निघत नाही.

पदवी कॉलेजांना नव्या शैक्षणिक धोरणानुसार ओजेटी आहे : 4 श्रेयांक, दर श्रेयांकाला 30 तास, म्हणजे 120 तास. बीकॉमचा मुलगा दालमिलमध्ये काय करणार, असं कुणी म्हणू नये. जीएसटीची बिलं, ई-वे बिल, गोदामाचा स्टॉक, मालाची प्रतवारी नोंदवणं ही सगळी कामं तिथे आहेत आणि माणूस मिळत नाही.

समुदाय महाविद्यालय ही विद्यापीठ अनुदान आयोगाची जुनी कल्पना, बी.व्होक.ही त्याच घरातलं. दोन्हींत शिकवणीचा मोठा वाटा कौशल्याचा आणि स्थानिक उद्योग सोबत असणं गृहीत धरलेलं. प्रमाणपत्र, पदविका, पदवी अशा पायऱ्यांवर मुलगा मध्येच उतरू शकतो आणि परत चढू शकतो. स्थानिक उद्योग खरोखर सोबत नसेल तर मात्र हा अभ्यासक्रम खडू-फळ्यावरच राहतो.

शिकून बाहेर पडलेल्यासाठी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. 1961 चा कायदा, 2014 ची दुरुस्ती आणि 2019 चे बदललेले नियम यांवर ती चालते. आयटीआय झालेल्यांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे नॅप्स. पदविका आणि पदवीधारकांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना, म्हणजे नॅट्स. तिचं पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (2024) वेगळी आहे. तिथे बारावीला 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000 आणि पदवीधराला 10000 रुपये सरकार थेट देतं. मुलाला हात बसायला ती बरी, पण तिला शिकाऊ उमेदवारी समजू नका. शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र तिथे मिळत नाही.

आमचं युनिट लहान आहे. शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आहे का? घेता तरी येतात का?

2019 च्या नियमांनुसार 30 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर सक्तीचं. 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. मोजताना कंत्राटदाराची माणसंही धरायची, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. पगारपत्रकावर 22 आणि लेबर कंत्राटदाराचे 18 असतील तर तुम्ही 40 चे आहात.

प्रमाण एकूण माणसांच्या 2.5 टक्के ते 15 टक्के. म्हणजे 40 माणसांच्या युनिटनं किमान 1 आणि जास्तीत जास्त 6 शिकाऊ घ्यायचे.

एका मुलामागे महिन्याला खर्च किती पडतो?

हिशोबाची रीत समजावी म्हणून 2019 चे किमान दर घेऊ : दहावी पास 6000, आयटीआय प्रमाणपत्रधारक 7000, पदविकाधारक 8000, पदवीधर 9000 रुपये. हा किमान दर आहे, जास्त द्यायला कुणी अडवत नाही. दुसऱ्या वर्षी त्यावर 10 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 15 टक्के वाढ. करार करण्याच्या दिवशी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर जो दर असेल तो धरायचा.

फिटर ट्रेडचा आयटीआय झालेला मुलगा घेतला, विद्यावेतन 7000. नॅप्समध्ये सरकारचा वाटा 25 टक्के, पण महिन्याला 1500 रुपयांच्या वर नाही. 7000 चे 25 टक्के 1750 होतात, तरी सरकार 1500 च देणार, कारखान्याचे 5500. कागदावर 25 टक्के बघून 5250 चं बजेट करणारे दर महिन्याला 250 रुपयांचा फरक शोधत बसतात. नॅट्समध्ये सरकारचा वाटा निम्मा, त्यामुळे पदविकेचा मुलगा 4000 ला पडतो.

त्याशिवाय बूट, गॉगल, कानातले प्लग, जेवण, बस आणि पहिल्या दोन महिन्यांत वाया जाणारा माल धरा. शेवटची बाब कुणी कागदावर लिहीत नाही, पण सुपरवायझरचा राग तिच्यावरच असतो. मुलांना शिकायला आधी रिजेक्शनमधलेच जॉब (मशीनवर घडवायचे तुकडे) द्या.

सरकारचा वाटा मुलाच्या खात्यात का येत नाही?

दहापैकी नऊ वेळा कारण बँक असतं. पैसे आता थेट उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. मुलगा पासबुक दाखवतो ग्रामीण बँकेचं, आणि त्याचं आधार जोडलेलं असतं दुसऱ्याच बँकेतल्या, आईनं शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याला. पैसे तिथे जातात किंवा परत फिरतात. ‘आधार दिलंय’ आणि ‘आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत जाऊन दुसरी करून घ्यावी लागते.

दुसरं कारण नावाचं. दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. करार तयार करण्याआधीच आधार दुरुस्त करून घ्या. तिसरं कारण कारखान्याचं : आपला वाटा दिला याची नोंद पोर्टलवर दर महिन्याला करायची असते. अकाउंटंट ती तीन महिन्यांची एकदम करतो.

पीएफ, ईएसआय लागतो का? अपघात झाला तर?

कायद्याखाली रीतसर करार झालेला शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही, त्यामुळे पीएफ आणि ईएसआय त्याला लागू होत नाहीत. पण कामावर इजा झाली तर भरपाई मालकानंच द्यायची असते. ईएसआय नाही म्हणजे दवाखान्याचा खर्चही खिशातून. म्हणून गट अपघात विमा काढा. त्याचा हप्ता विद्यावेतनाच्या मानानं किरकोळ असतो.

करार नोंदवण्याआधी ‘चार दिवस येऊन बघ’ म्हणून मुलाला शॉपमध्ये उभं करणं सगळ्यात धोक्याचं. त्या चार दिवसांत काही झालं तर तो ना कामगार, ना शिकाऊ. आयटीआयच्या ओजेटीच्या मुलांसाठीही संस्थेचं पत्र, हजेरीपट आणि विमा पहिल्या दिवसाआधी हवा. धोकादायक उद्योगात 18 वर्षांखालचा शिकाऊ घेता येत नाही. दहावीनंतर लगेच आयटीआयला आलेली मुलं पहिल्या वर्षी सोळाचीच असतात, हे यादी करतानाच बघा.

पॉवर प्रेसवर नवख्याला लावू नका, अगदी मशीन रिकामं असलं तरी. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकाला चिकटपट्टी लावून काम उरकायची खोड जुन्या ऑपरेटरांना असते, आणि मुलगा ती पहिल्याच आठवड्यात उचलतो. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या पट्ट्यात बोटं जाण्याच्या घटना कशा होतात हे वेगळं सांगायला नको.

आमच्या गरजेनुसार अभ्यासक्रम बदलून मिळेल का?

आयटीआयचा मूळ अभ्यासक्रम देशभर एक आहे, परीक्षाही त्यावरच. तो तुमच्यासाठी कुणी बदलणार नाही. पण त्याच चौकटीत जॉब कोणता घ्यायचा, मोजमाप कशावर करायचं, 150 तासांत काय दाखवायचं हे संस्थेच्या हातात आहे, आणि तेवढं पुरतं.

उदाहरण सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथवरच्या कामाचं. ‘मुलांना सीएनसी येत नाही’ ही तक्रार घेऊन निदेशक आला तर तिचं काही करता येत नाही. शॉपमध्ये उभं राहून बघितलं तर चूक अशी दिसते. जॉबचा व्यास हवा 25.00, मायक्रोमीटर दाखवतो 25.04. मुलाला ऑफसेटमध्ये (मशीनला द्यायच्या दुरुस्तीच्या आकड्यात) 0.04 टाकायचं कळतं, चिन्ह कळत नाही. उणे टाकायच्या ऐवजी अधिक टाकतो, पुढचा जॉब येतो 25.08 चा, तो घाबरून परत 0.08 टाकतो. तीन जॉब मापाबाहेर. ही चूक सुधारायला सीएनसी मशीन लागतच नाही. वर्गात फळ्यावर वीस उदाहरणं सोडवून घेतली की ती जाते.

दुसरी चूक तापलेल्या जॉबची. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब हाताला कोमट लागत असतानाच मुलगा मोजतो. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं; 100 मिमीचा जॉब खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम असेल तर तो 0.023 मिमी मोठा दिसतो. मुलगा माप बरोबर आणतो, जॉब थंड होतो आणि क्वालिटीत लहान भरतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली 42 अंशांत काम चालतं आणि तपासणी एसी खोलीत होते, तेव्हा हा घोळ आणखी वाढतो. जॉब तिथे थोडा वेळ ठेवून मग मोजावा, एवढी साधी गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि कुणी करून दाखवलेली नसते.

अशा दहा चुकांची यादी सुपरवायझरकडून करून घ्या. एम10 च्या टॅपला 8.5 चं ड्रिल का, 0.02 च्या व्हर्निअरनं 0.01 चं माप सांगता येतं का, ड्रॉइंगवरच्या दोन व्ह्यूंतली कोणती बाजू समोरची, असलीच ती निघते. त्यावर दर शनिवारी दोन तास घ्या. कोणत्याही नव्या मशीनपेक्षा यानं जास्त फरक पडतो.

निदेशकांनाच नवीन यंत्रं माहीत नाहीत, त्यांचं काय?

त्यांना आधी पाठवा. सुट्टीत सलग दहा दिवस, सकाळच्या शिफ्टला, कामगाराच्या बूट-हेल्मेटसह. पाहुणा म्हणून चहा पिऊन परत येणं मोजू नये. संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. टूल, डाय आणि सीएनसीसाठी तिथले छोटे कोर्स निदेशकांनाही उपयोगी पडतात.

कंपनी जुनं मशीन संस्थेला द्यायला तयार आहे. घ्यावं का?

घ्यावं, पण ट्रक आत येण्याआधी पुढच्या गोष्टी बघून. जुन्या सीएनसीच्या कंट्रोलरची बॅटरी संपली की पॅरामीटर (मशीनच्या सेटिंगचे आकडे) पुसले जातात. मशीन गोदामात सहा महिने बंद पडून असेल तर ते तुमच्याकडे लोखंडी कपाट म्हणूनच येतं. पॅरामीटरचा बॅकअप, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग आणि मॅन्युअल हातात आल्याशिवाय पावती देऊ नका. मशीन कंपनीतच चालू करून, एक जॉब काढून बघा.

मग तुमच्या शेडचं. थ्री फेज जोडभार पुरतो का? लहान सीएनसी लेथलाही पंधरा-वीस केव्हीए लागतो, आणि मंजूर भार वाढवण्याची फाईल मशीनपेक्षा हळू चालते. स्टॅबिलायझर, 5-6 बारची कोरडी हवा, वेगळं अर्थिंग, फाउंडेशन. हे सगळं झाल्यावर इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची बदलायची टोकं) आणि कुलंटचा (जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) खर्च दरवर्षी कोण देणार? देणगीपत्रात दोन वर्षांची देखभाल आणि इन्सर्ट मागून घ्या, देणाऱ्याला ते जड नसतं. नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) त्याच आठवड्यात करा, नाहीतर पुढच्या ऑडिटला हे मशीन कुठून आलं याचा खुलासा लिहीत बसाल.

मुलं महिना-दीड महिन्यात सोडून जातात. का?

‘आजकालच्या मुलांना कष्ट नकोत’ हे उत्तर सोपं आहे आणि निरुपयोगी. खरी कारणं बहुतेक चार-पाच असतात.

पहिलं, अंतर. पैठण, गंगापूर, फुलंब्री, भोकरदनकडच्या खेड्यातून सकाळच्या शिफ्टला पोचायचं तर पहिली एसटी त्या वेळेला नसते. मोटारसायकल असली तर पेट्रोलमध्ये विद्यावेतन जातं, खोली घेतली तर भाड्यात. कंपनीची बस मुलाच्या फाट्यावर थांबते का, हे निवड करतानाच विचारा. बस थांबत नसेल तर जनरल शिफ्ट द्या.

दुसरं, कंत्राटदार. शेजारच्या गेटवर हेल्परला ओटी (जादा वेळचं काम) धरून जास्त पैसे मिळतात. शिकाऊ उमेदवाराला ओटी सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय देता येत नाही, आणि ती परवानगी प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताच्या कारणानंच मिळते. या स्पर्धेत विद्यावेतनानं जिंकता येणार नाही. वर्षभरानंतर काय मिळणार हे पहिल्याच दिवशी, आई-वडिलांना बोलावून, लेखी सांगितलं तर मुलगा टिकतो.

तिसरं कारण कारखान्याचं आहे आणि कडू आहे. मुलाला सहा महिने ट्रॉली ओढायला, जॉबच्या कडेची बर (धारदार कचरा) काढायला आणि झाडू मारायला लावतात. दुसऱ्या महिन्यातही तो त्याच जागी असेल तर तो गेला म्हणून समजा. शिकाऊ म्हणजे स्वस्त हेल्पर हा हिशोब करणाऱ्या कारखान्याला मुलं न देणं हाच उपाय. प्राचार्यांनी हे एकदा केलं की एमआयडीसीत लवकर कळतं.

चौथं, शेती. जूनमध्ये पेरणी, सोयाबीन काढणी ऑक्टोबरच्या आसपास, आणि बीड-धाराशिवकडे दिवाळीच्या सुमाराला आई-बाप ऊसतोडीला निघाले की घरची गुरं आणि म्हातारी माणसं थोरल्या मुलावर. हा गैरहजेरीचा काळ आधीच माहीत असतो. रजा त्या हिशोबानं ठरवून ठेवा. न सांगता आठ दिवस गायब होण्यापेक्षा सांगून पाच दिवस गेलेला मुलगा परत येतो.

मुलींना पाठवता येईल का?

येईल. क्वालिटी, असेंब्ली, वायरिंग हार्नेस, पॅकिंग, पीएलसी पॅनल या विभागांत मुली उत्तम काम करतात. आधी दोन गोष्टी बघा : शॉपजवळ स्वच्छतागृह आहे का, आणि शिफ्ट सुटल्यावर बस गावाच्या फाट्यापर्यंत जाते का. पहिल्या तुकडीत एकटी मुलगी पाठवू नका, निदान तिघी असू द्या.

आमच्या जिल्ह्यात मोठी एमआयडीसीच नाही. मग?

मोटारी बनवणारा कारखाना म्हणजेच उद्योग, हा समज वाळूजच्या वाऱ्यानं आला आहे. जालन्यात सळ्यांच्या रोलिंग मिल आणि बियाणं प्रक्रिया आहे. लातूरला डाळ आणि तेलबिया, शिवाय मराठवाडा रेल्वे कोच कारखाना. हिंगोलीकडे वसमतची हळद. दालमिलमधल्या एलिव्हेटरचं बेअरिंग, बेल्टचा ताण, मोटरचा स्टार्टर, सगळं इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या अभ्यासक्रमातलंच आहे.

साखर कारखाना मात्र सगळ्यात दुर्लक्षित शाळा आहे. मुलांना गळीत हंगामात पाठवतात, आणि तेव्हा तिथे कुणाला बोलायलाही वेळ नसतो. मशीन चालू असतं, बघायला फक्त वाफ आणि आवाज. पाठवायचं ते हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. तेव्हा अख्खा कारखाना उघडलेला असतो. मिलचे रोलर बाहेर काढलेले, त्यांच्या दातांवर वेल्डिंग चालू, पंप सुटे केलेले, बॉयलरच्या नळ्या तपासायला काढलेल्या, मोटरी रिवाइंडिंगला. फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना इतकं उघडं यंत्र दुसरीकडे कुठेच दिसत नाही. चीफ इंजिनिअरला फेब्रुवारीतच पत्र द्या. ओव्हरहॉलिंगचं वेळापत्रक तो तेव्हाच लावत असतो.

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे मिळतील का?

मिळू शकतात, कौशल्य प्रशिक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसतं. ज्यांच्यावर हे बंधन आहे त्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे असतात. इमारत आणि रंगरंगोटी मागू नका. वेल्डिंग बूथ, कन्झ्युमेबल, वसतिगृहाचं भाडं किंवा बसचं डिझेल असं मोजता येईल ते मागा.

केंद्र सरकारनं मे 2025 मध्ये 60,000 कोटींची आयटीआय उन्नतीकरण योजना मंजूर केली. त्यात 1000 संस्था हब आणि स्पोक पद्धतीनं (एका मुख्य संस्थेला आसपासच्या संस्था जोडून) घ्यायच्या आहेत आणि उद्योगाचा वाटा 10,000 कोटींचा अपेक्षित आहे. ज्या संस्थेकडे एखाद्या कारखान्याशी चालू असलेलं काम दाखवायला आहे, तिची बाजू अशा वेळी आपोआप भक्कम होते.

वर्ष संपल्यावर नोकरी द्यावीच लागते का?

करारात तसं लिहिलं नसेल तर नाही. पण शिकाऊंना भरतीत कसं घेणार याचं धोरण प्रत्येक मालकानं ठरवायचं, असं 2014 च्या दुरुस्तीनं सांगितलं आहे. ते एका परिच्छेदात लिहून नोटीस बोर्डावर लावा.

पहिल्या दिवशी गेटवर मुलानं काय घेऊन जायचं?

आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो, रक्तगट लिहिलेलं ओळखपत्र, संस्थेचं पत्र, घरच्या माणसाचा फोन नंबर. पाण्याची बाटली आणि डबा. कँटीन पहिल्या दिवशी मिळेलच असं नाही, कुपन दुसऱ्या दिवशी बनतं. सेफ्टी शूज कंपनी देणार असली तरी मापाचा बूट मिळायला आठवडा जातो, तोवर पूर्ण बंद बूट हवेत, चप्पल-सँडलवर सिक्युरिटी परत पाठवते. बाह्या कोपराच्या वर किंवा मनगटाला बटण लावलेल्या, शर्ट खोचलेला. गळ्यातला गमछा, हातातलं कडं, अंगठी आणि मनगटावरचा गंडा घरीच काढून ठेवायचा. गंड्यावरून वाद होतो. मुलाला लेथच्या चकजवळ (जॉब पकडून फिरणाऱ्या भागाजवळ) नेऊन, मशीन बंद करून, चकच्या जबड्यात दोरा अडकवून हातानं एक वेढा फिरवून दाखवा. मग तो स्वतःच काढतो.